दाजींना नको कुणी म्हणायचं

आमच्याकडे जावयाला 'नाही' म्हणत नाहीत. तसं कुणी बसवून शिकवत नाही, पण लहानपणापासून डोळ्यांना दिसतं. दाजी येणार म्हटलं की वडील खाट झटकून घ्यायचे, चुलते दाढी करून यायचे आणि आई चुलीपासून ओरडायची, "आदी दाजींना इचारा!" पंखा किती जोरात लावायचा इथपासून ते रस्सा झणझणीत करायचा की बेताचा इथपर्यंत सगळं दाजींना विचारून. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. ताथवड्याच्या जुन्या शेतकरी घरातले. जिथे त्यांचा ऊस उभा असायचा तिथे आता कॉलेजच्या मुलांना भाड्याने दिलेल्या खोल्या उभ्या आहेत. जावई हा दहावा ग्रह म्हणतात, पण आमचा ग्रह कुणाच्या राशीला न लागणारा होता. रस्सा कसाही करा, ते "झ्याक झालाय" म्हणायचे. तरी विचारायचं मात्र त्यांनाच. मान तो मान.

मी चाकणजवळच्या गावचा. आमची निम्मी जमीन कारखान्यांत गेली आणि तिच्या मागोमाग मीही गेलो. गाड्यांच्या सीट बनवणाऱ्या एका कंपनीत लाइन सुपरवायझर आहे, राहायला पुनावळ्याला. कंपनीत माझी ख्याती चांगली नाही. आमच्या लाइनवर डोक्याच्या उंचीवर एक दोरी जाते. कुणालाही काही बिघडलेलं दिसलं की ती ओढायची, लाइन थांबते. नवीन माणसं दोरीला हात लावायला घाबरतात, मी कधी घाबरलो नाही. एकदा डोक्यावर हेल्मेट नसताना आत येणाऱ्या मोठ्या साहेबांना मी दारातच उभं केलं. ते म्हणाले, "अरे, दोन मिनिटांचं काम आहे." मी म्हणालो, "साहेब, डोकं फुटायला तेवढीही लागत नाहीत." हे वाक्य कँटीनमध्ये बरेच दिवस फिरलं. खोटं कशाला बोलू, ते फिरवणाऱ्यांत मीही होतो. समोर कोण आहे हे न बघता 'नाही' म्हणता येतं, याचा मला फार अभिमान होता.

उडायचं वेड मला कंपनीतल्याच माणसांनी लावलं. बसमध्ये शेजारी बसणाऱ्या एकाने मोबाइलवर दाखवलं, मग रविवारी मावळातल्या डोंगरावर नेलं, आणि पुढच्या वर्षभरात आम्ही सात-आठ जण पॅराग्लायडिंग शिकून बसलो. गावातले लोक त्याला छत्री म्हणतात, ते काही चूक नाही. डोंगरावर हात बसल्यावर आम्ही समुद्राकडे वळलो. थंडी ओसरली की ताम्हिणी घाट उतरून कोकणात जायचं. तिथे एका गावाच्या पुळणीवर वाळूच्या टेकड्या आहेत, घराच्या उंचीच्या, काही थोड्या जास्त. समुद्रावरून येणारा वारा टेकडीवर आदळतो आणि वर चढतो. त्या चढत्या वाऱ्यावर छत्री टाकायची आणि टेकडीच्या काठाकाठाने इकडून तिकडे, तिकडून इकडे जात राहायचं. खाली वाळू, समोर पाणी. ज्याने केलंय त्याला यातलं सुख माहीत आहे, आणि ज्याने केलं नाही त्याला सांगून कळत नाही.

वाळू मऊ असते म्हणून लोकांना वाटतं, इथे काय लागणार! म्हणूनच आमचे शिक्षक डोंगरापेक्षा वाळूवर जास्त ओरडायचे. वळायचं ते नेहमी समुद्राकडे, टेकडीकडे कधीच नाही. ज्याच्या उजव्या हाताला टेकडी आहे त्याला वाट द्यायची. दांड्याला लटकून उडणारे हँग ग्लायडरवाले आले तर आपण खाली उतरून बसायचं, कारण त्यांचा वेग वेगळा. फिरायला आलेल्या माणसांच्या डोक्यावरून जायचं नाही. मर्यादवेलीवर पाय द्यायचा नाही, कारण ती वाळू धरून ठेवते आणि ती गेली की टेकडीही जाते. आणि सगळ्यांत मोठा नियम म्हणजे टेकडीच्या मागे जायचं नाही. ओढ्याचं पाणी मोठ्या दगडावरून पडलं की पलीकडे भोवरा होतो, तसा माथा ओलांडलेला वारा मागे घुसळतो. त्यात सापडलेली छत्री मिटते. वारा फार वाढला की तो माणसाला मागेच ढकलतो, म्हणून वारा वाढायच्या आधी बंद करायचं. दूर समुद्रात लाटांच्या डोक्यावर फेस दिसायला लागला किंवा उडणारी वाळू पोटऱ्यांना टोचायला लागली की बंद. चर्चा नाही. "प्रत्येक नियमाखाली कुणाचं तरी हाड पुरलेलं आहे," असं शिक्षक म्हणायचे, आणि आम्ही हसायचो.

बंद करायचं ते कुणी? तर त्या दिवसाच्या मुकादमाने. हे नाव आमचंच. दर वेळी एकजण मुकादम व्हायचा. त्याच्या खांद्यावर लाल कापड असायचं, आणि त्याने ते हलवलं की कितीही जुना उडणारा असो, निमूट छत्री गुंडाळायची. मुकादमाला कुणी प्रश्न विचारायचा नाही, आणि मुकादमानेही कुणाला विचारत बसायचं नाही.

दाजींना यात मी आणलं. अक्काकडे जेवायला गेलो असताना मी उडतानाचा व्हिडिओ दाखवला. दाजींनी तो शेवटपर्यंत पाहिला आणि म्हणाले, "भारी हाय की, पाव्हनं!" ते मला पाव्हनं म्हणतात. मी लगेच म्हणालो, "मग तुम्हीपण या." अक्का हसली. दाजीही हसले आणि पुढच्या रविवारी खरोखरच आले, डोक्यावर टोपी, हातात अक्काने दिलेला डबा. मावळातल्या उतारावर ते सगळ्या तरुण मुलांबरोबर पळायला शिकले, पडायला शिकले, आणि काही महिन्यांत छोट्या छोट्या उड्या नीट मारायला लागले. शिक्षक म्हणायचे, "सांगितलेलं शंभर टक्के ऐकणारा हा एकच विद्यार्थी." मला फार आनंद झाला होता. दाजींना या वयात माझ्यामुळे नवी हौस लागली, असं मी चार ठिकाणी सांगितलं.

दाजींना घेऊन आम्ही पहिल्यांदा कोकणात गेलो, त्या दिवशी मुकादम मी होतो. सकाळचा वारा सुरेख होता. बाकीचे आळीपाळीने उडाले. दाजी सुरूच्या झाडांखाली बसून सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या भरून देत होते. मी म्हणायचो, "दाजी, आता तुम्ही," आणि ते म्हणायचे, "पोरांचं हू द्या." मला वाटलं, मोठेपणा. दुपारी गावातल्या एका घरी माशांचं जेवण सांगितलं होतं. आम्ही देशावरची माणसं, मासा म्हटला की काट्यांची धास्ती. दाजी एकेक काटा वेगळा काढून ताटाच्या कडेला ठेवत सावकाश जेवत होते. मुकादमाने खरं तर तेव्हा पुळणीवर असायला हवं होतं, कारण तिथला वारा दुपारनंतर वाढतो हे मला माहीत होतं. पण जेवणाऱ्या जावयाला घाई कशी करायची? उलट मीच म्हणालो, "दाजींना आणखी एक सोलकढी द्या."

परत आलो आणि आल्याबरोबर मी दाजींना हार्नेस चढवला. पट्टे मी स्वतः आवळले, बकला स्वतः लावल्या, त्यांना हात लावू दिला नाही. मग समुद्राकडे पाहिलं. दूर फेस दिसत होता. वाळू पोटऱ्यांना टोचत होती. आमच्यात क्वालिटी विभागातली एक मुलगी आहे, लातूरकडची. ती म्हणाली, "दादा, फेस दिसायलाय बघा तिकडं. गुंडाळावं का?"

मी म्हणालो, "हो, दाजींची एक फेरी झाली की."

आता हे वाक्य लिहितानाही हात थांबतो. सगळे उडाले आणि जावई तेवढा राहिला, हे मला बघवेना. पंगतीत सगळ्यांना वाढलं आणि जावयाचं ताट रिकामं ठेवलं, तसं ते वाटत होतं. ताथवड्याहून घाट उतरून त्यांना आणायचं आणि न उडवता परत न्यायचं? अक्काला काय सांगायचं? आणि दाजी पट्टे बांधून, हेल्मेट घालून, माझ्याकडे बघत उभे होते. मला वाटलं, केवढी हौस आहे बघा. मी त्यांना विचारलं, "दाजी, वारा जरा वाढलाय. काय करायचं?" मुकादमाने उडणाऱ्याला विचारलं! लाइनवर माझ्या हाताखालच्या कुणी असं केलं असतं तर मी त्याला सगळ्यांदेखत फाडून खाल्लं असतं.

दाजी म्हणाले, "तुमी म्हनाल तसं, पाव्हनं."

मी म्हणालो, "मग मारा एक छोटी फेरी. तोंड समुद्राकडे ठेवा." लाल कापड माझ्या खांद्यावरच होतं.

ते छान वर गेले. थोडं अंतर काठाने गेलेही. मग त्यांचं पुढे जाणं थांबलं. तोंड समुद्राकडे, छत्री सरळ, सगळं शिकवल्याप्रमाणे, पण ते जागच्या जागी लटकल्यासारखे दिसले आणि मग हळूहळू मागे सरकायला लागले. मी वॉकीटॉकीवर ओरडलो, "हात वर! दाजी, हात वर!" ब्रेकच्या दोऱ्या सोडल्या की वेग वाढतो, म्हणून. त्यांनी हात वर केले. सांगितलेलं शंभर टक्के ऐकणारा माणूस. वारा त्यांच्या वेगापेक्षा जास्त होता. ते आमच्या डोक्यांवरून माथ्याच्या मागे गेले, छत्रीची एक बाजू कागदासारखी मिटली, आणि पुढचं टेकडीमुळे दिसलं नाही. फक्त आवाज आला. टेकडी आणि सुरूचं बन यांच्यामध्ये बैलगाडीची जुनी वाट आहे. तिथली जमीन वाळूची नाही.

मी मर्यादवेल तुडवत पलीकडे पळालो. दाजी कुशीवर पडले होते, चेहरा राखेसारखा. मला बघून त्यांनी पहिलं काय विचारलं असेल? "पाव्हनं, छत्री फाटली का वं तुमची?"

आम्ही त्यांना हलवलं नाही, तेवढं तरी शिकलेलं आठवलं. गावातून एका दाराची फळी आणली, तिच्यावर त्यांना सरकवलं आणि ॲम्ब्युलन्सने घाट चढून पिंपरीच्या दवाखान्यात आणलं. कमरेतला एक मणका आणि उजवी टाच. पाय जातील का, हे डॉक्टरांनी लगेच सांगितलं नाही. पाय वाचले. पण ते कळेपर्यंत मी बाहेरच्या बाकावर काय काय कबूल केलं देवाला, ते देवालाच माहीत.

अक्का आली. मी उठून उभा राहिलो, म्हटलं, आता ही काय बोलेल ते ऐकून घ्यायचं. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि विचारलं, "तू जेवलास का?"

मी म्हणालो, "अक्का, मुकादम मी होतो. वारा वाढलेला मला दिसत होता. मी थांबवायला पाहिजे होतं."

"त्यास्नी कोन थांबिवनार? जावई मानूस. तुजी काय चूक?"

आई तेच म्हणाली. चुलते तेच म्हणाले. दाजींचे भाऊसुद्धा म्हणाले, "वेळ वाईट होती राव, तुम्ही काय करणार?" मी गुन्हा कबूल करत फिरत होतो आणि फिर्याद घ्यायला कुणी तयार नव्हतं. मला कुणीतरी शिव्या घालायला हव्या होत्या. निदान अक्काने तरी. लहानपणी तिचा कंपास मोडला तर तिने मला बाभळीच्या काटकीने झोडलं होतं, आणि आता नवऱ्याचा मणका मोडला तर ती मला चहा आणून देत होती.

मग रात्री झोप यावी म्हणून मी एक आधार शोधला. दाजींना उडायचंच होतं. पट्टे बांधून उभे होते. मी नाही म्हणालो असतो तर हिरमुसले असते. चूक माझी, पण हौस त्यांची होती. हे मी कुणाला बोललो नाही, पण वर्षभर उशाशी घेऊन झोपलो.

दाजी कमरेला पट्टा लावून बसायला लागले, मग काठी घेऊन चालायला. खाली मांडी घालून बसणं मात्र गेलं. आमच्या घरी पंगत बसली की सगळे जमिनीवर आणि दाजी एकटे खुर्चीवर, मांडीवर ताट घेऊन. पूर्वी त्यांच्या पाटाभोवती रांगोळी असायची. त्यांना वरून आमच्या डोक्यांकडे बघत जेवताना पाहिलं की माझा घास फिरायचा. मी त्यांच्याकडे जाणं कमी केलं. औषधं, फळं, टाचेला लावायचं तेल, सगळं नेऊन द्यायचो, पण दारातूनच. "बसा की, पाव्हनं," ते म्हणायचे. "शिफ्ट आहे," मी म्हणायचो. रविवारीही माझी शिफ्ट असायची.

कंपनीत मी फारच कडक झालो होतो. जराशी शिलाई वाकडी दिसली की दोरी. मॅनेजर एकदा म्हणाले, "अहो, ही दोरी आहे, देवळातली घंटा नाही." आमच्या गटातही मी एक नवा नियम मांडला. ज्याचं माणूस उडणार असेल त्याने त्या दिवशी मुकादम व्हायचं नाही, आणि आपल्या माणसाच्या उडण्या-न उडण्यात तोंडही घालायचं नाही. सगळ्यांनी लगेच माना डोलावल्या. आता या नियमाखाली कुणाचं हाड आहे, हे नव्याने येणाऱ्यांना सांगायची वेळ आली की मी पाणी प्यायला उठतो.

वर्ष होत आलं तेव्हा आमच्या पुनावळ्याच्या घरी अक्का आणि दाजी जेवायला आले. दाजींची काठी सुटली होती, चाल थोडी फरफटती राहिली होती. ताटं वाढली आणि दाजी एकदम म्हणाले, "पाव्हनं, समुद्रावर कवा जायाचं परत?"

माझ्या बायकोच्या हातातला चमचा थांबला. मी अक्काकडे पाहिलं. तिने मान खाली घालून भाकरी मोडली आणि म्हणाली, "जाऊ दे की त्यास्नी. हौस हाय त्यांची."

खरं सांगतो, मला आनंद झाला. हे कबूल करायला सगळ्यांत जास्त लाज वाटते. भीती वाटली नाही असं नाही, पण तिच्या वर आनंद तरंगत होता. यांना पुन्हा उडावंसं वाटतंय, म्हणजे माझ्यामुळे काही कायमचं बिघडलेलं नाही. हे एकदा उडून नीट खाली उतरले की माझी सुटका. डॉक्टरांनी चालायला-फिरायला हरकत नाही म्हटलं होतं. उडण्याबद्दल त्यांना कुणी विचारलं नव्हतं, आणि मीही विचारलं नाही. मावळातल्या उतारावर दाजींनी दोन रविवार पुन्हा सराव केला आणि शिक्षकांनी हो म्हटलं, एवढं मला पुरे होतं.

त्या सकाळी पुळणीवर वारा असा होता की मागितला तरी मिळू नये. समुद्र सपाट, वाळू शांत. मुकादम लातूरची मुलगी होती. तिने दाजींची छत्री पाहिली, दोऱ्या पाहिल्या, पट्टे बांधले, बकला दोनदा ओढून बघितल्या. मी नियमाप्रमाणे बाजूला, हात मागे बांधून उभा होतो. दाजी वाळूतून पाय ओढत माथ्यावर गेले. ती म्हणाली, "दाजी, तयार हाव का?"

दाजींनी समुद्राकडे पाहिलंच नाही. ते माझ्याकडे बघत होते. तसेच, मागच्या वेळी बघत होते तसे. त्यांचे ओठ कोरडे पडले होते आणि ते पुन्हा पुन्हा जिभेने ओले करत होते. हौस असलेल्या माणसाचं तोंड असं नसतं. हे मला तेव्हा दिसलं. मागच्या वेळीही दिसण्यासारखंच होतं, पण मी पट्ट्यांकडे बघत होतो.

मी म्हणालो, "नाही." फार मोठ्याने म्हणालो असणार, कारण सगळ्यांनी वळून पाहिलं. "दाजी, आज नाही. काढा ते."

"दादा, वारा तर मस्त हाय," ती मुलगी म्हणाली. "आन मुकादम मी हाय आज. तुमीच केलाय ना नियम?"

"माहीत आहे," मी म्हणालो. "तरी नाही."

चारचौघांत, पट्टे बांधून उभ्या असलेल्या जावयाला मी नाही म्हणालो होतो, तेही कारण नसताना, स्वतःचाच नियम मोडून. आता दाजी चिडणार, निघून जाणार, ताथवड्याचं दार मला बंद होणार, असं मी धरून चाललो. दाजी होते तिथेच पाय लांब करून वाळूत बसले. मी जवळ जाऊन गुडघे टेकले आणि पट्टे सोडवायला लागलो.

"बरं केलंत," ते हळूच म्हणाले.

"राग आला का, दाजी?"

"राग कशाचा? मला कुठं उडायचं व्हतं."

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते वाळूत बोट फिरवत होते.

"मागल्या टायमालाबी न्हवतं उडायचं. फेस मलाबी दिसला व्हता. तुमीच शिकिवलेलं ना. पर तुमी सोता पट्टे बांधलेलं, समदी मानसं खोळंबलेली. तुमी येवढ्या मानानं आनलेलं, आन मी भ्यालो कसं म्हनू? म्हनलं, पाव्हनं मुकादम हायेत, न्हाई म्हनायचं आसंल तर म्हनतील. वाट बगत उभा व्हतो."

वर्षभर उशाशी घेतलेला माझा आधार असा एका दमात गेला. हौस त्यांची नव्हती. कधीच नव्हती. व्हिडिओ बघून 'भारी हाय की' म्हणाले तेही रस्सा झ्याक झालाय म्हणावं तसं म्हणाले होते, आणि मी त्यांना त्या एका वाक्यावर डोंगरावरून पळायला लावलं. मी त्यांना मान म्हणून 'नाही' म्हणालो नाही, आणि मान म्हणून त्यांनाही 'नाही' म्हणता आलं नाही.

"मग आज कशाला आलात?" माझा आवाज चढला. "दाजी, आज तर कुणी बोलावलं नव्हतं. तुम्हीच म्हणालात!"

त्यांनी वाळूत ओढलेली रेघ तळहाताने पुसली. मग म्हणाले, "तुमी घरात यायचं सोडलं. दारातनं पिशवी देता आन जाता. तुमची अक्का लई रडती तुमच्या मागं. म्हनलं, येकदा उडून दावावं पाव्हन्यांना. म्हंजी जाईल मनातनं."

मोडलेल्या मणक्याचा माणूस पुन्हा वर जायला निघाला होता, ते माझ्या मनातलं जावं म्हणून. आणि मी ते दोन रविवार आनंदाने बघत होतो. मी त्यांचे पाय धरले. जावयाच्या पाया पडतातच आमच्याकडे, त्यात नवल नाही, पण मी ते धरून बसलो आणि मला रडू आवरेना. दाजी सारखे म्हणत होते, "उठा, पाव्हनं, पोरं बगत्यात."

दुपारीच निघालो. घाटात दाजी झोपले. ताथवड्याला पोचलो तेव्हा उजेड होता, वरच्या मजल्यावरची मुलं कठड्यावर कपडे वाळत घालत होती. अक्का ओट्यावर उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे, तिचा पदर हातात पिळून पिळून दोरी झाला होता. दाजींना गाडीतून उतरून स्वतःच्या पायांनी चालत येताना तिने पाहिलं, तरी ती हलली नाही.

"उडालं?" तिने मला विचारलं.

"नाही. मी नको म्हणालो."

दाजी तिच्या बाजूने आत गेले, हातपाय धुवायला. ती एक पायरी खाली आली, आणि तिने माझ्या दंडावर मूठ मारली. मग दुसरी. लहानपणी मारायची तशी, जोरात.

"आरं, मग तवा का न्हाई म्हनालास?" ती म्हणाली. "तवा तुज्या तोंडाला काय झालं व्हतं?"

वर्षभर मला हेच हवं होतं. मी तिथेच उभा राहिलो. ती मारत होती तोवर उभा राहिलो, आणि बरं काही वाटलं नाही.